स्मोक्ड चिकन आणि चीजचं ताजं सॅलड: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

या सॅलडमध्ये शिजवण्यासारखं फारसं काही नाही. तरी पहिल्यांदा करणाऱ्याचं ते हमखास बिघडतं, आणि बिघडण्याची कारणं दोनच असतात. एक तर खारट होतं, नाहीतर वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं. स्मोक्ड चिकन मुळात खारट, चीजही खारट. त्यावर कोशिंबिरीच्या सवयीनं आपला हात मिठाच्या डब्याकडे जातो. मीठ पडलं की काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं, त्या पाण्यात पानं लोळागोळा होतात आणि चीज बुळबुळीत होतं. कोशिंबिरीत सुटलेलं पाणी दह्यात मिसळून खपून जातं, इथे मात्र ते लपवायला जागा नाही. म्हणून खाली सगळीकडे एकच धोरण आहे: मीठ चिकन-चीजमधून येऊ द्यायचं आणि भाज्यांमधलं पाणी आधीच काढून टाकायचं.

चौघांसाठी काय लागेल

स्मोक्ड चिकन २५० ग्रॅम. लेट्यूस २०० ग्रॅम, म्हणजे आइसबर्गचा मध्यम आकाराचा अर्धा गड्डा. एक मोठी काकडी, दोन घट्ट टोमॅटो किंवा १५० ग्रॅम चेरी टोमॅटो, एक सिमला मिरची (पिवळी किंवा लाल मिळाली तर बरं, ती गोडसर असते), अर्धा लहान कांदा, मिळाले तर तीन-चार लहान लाल मुळे. चीज ८० ग्रॅम. डाळिंबाचे दाणे पाव वाटी.

ड्रेसिंगसाठी तेल ३ मोठे चमचे, लिंबाचा रस दीड मोठा चमचा, मोहरी १ लहान चमचा, मध अर्धा लहान चमचा आणि ताजी भरडलेली मिरी. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा धरला आहे. यादीत मीठ नाही, ते विसरून राहिलेलं नाही.

चिकन विकत घेताना

सुपरमार्केटच्या थंड कपाटात सलामी-सॉसेजच्या शेजारी स्मोक्ड चिकन असतं. त्यात तीन-चार प्रकार सरमिसळ ठेवलेले असतात, तेव्हा पाकीट उलटं करून मागची बाजू वाचायची.

पहिली गोष्ट म्हणजे ते शिजवलेलं आहे की नाही. ‘रेडी टू ईट’ असेल तर तसंच वापरता येतं. ‘रेडी टू कुक’ म्हणजे धुराच्या चवीचा मसाला लावलेलं कच्चं चिकन, ते पूर्ण शिजवूनच खायचं. दोन्ही पाकिटं दिसायला सारखी असतात आणि घोटाळा इथेच होतो. रंगावर विसंबू नका. नायट्राइट, म्हणजे मांस टिकवण्यासाठीचं रसायन, लावलेलं चिकन (घटकांमध्ये २५० हा क्रमांक दिसेल) पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच राहतं.

दुसरी गोष्ट, अख्खा ब्रेस्ट आहे की दाबून बनवलेला रोल. घटकांमध्ये स्टार्च, सोया प्रथिनं वगैरे दिसली तर तो रोल. खायला वाईट नसतो, पण सॅलडमध्ये त्याचे रबरासारखे चौकोन होतात, धागा सुटत नाही. पातळ कापलेल्या स्लाइसही टाळा. त्या एकमेकींना चिकटतात आणि एका घासात चार येतात, पुढच्या घासात एकही नाही.

तिसरं, मीठ किती. पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा चिकनमध्ये ७०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे १०० ग्रॅममध्ये पावणेदोन ग्रॅम मीठ, आपल्या २५० ग्रॅममध्ये साधारण ४.४ ग्रॅम. चीजमध्ये ८०० मिलिग्रॅम असेल तर ८० ग्रॅममागे आणखी १.६ ग्रॅम. बेरीज ६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक सपाट लहान चमचा मीठ, तेही डब्याचं झाकण न उघडता. एवढ्या पानांना आणि भाज्यांना ते पुरतं.

गोठलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा. ओट्यावर सोडवायला ठेवलं तर बाहेरचा भाग कोमट होतो आणि आतला दगडच राहतो. पाकिटातलं पाणी ओतून द्या, चिकन कागदी रुमालानं टिपून घ्या. हे पाणी म्हणजे निव्वळ मिठवणी असतं.

घरी धुरी द्यायची असेल तर

विकतचं मिळत नसेल किंवा नायट्राइट नको असेल तर कढईत काम होतं. परसात धुराडं लागत नाही. यासाठी ५०० ग्रॅम चिकन घ्या, निम्मं दुसऱ्या दिवशी सँडविचला होईल. दुकानात ‘बोनलेस ब्रेस्ट, तुकडे न करता’ असं ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर तुम्ही पाकिटातून पैसे काढेपर्यंत त्याचे वीस तुकडे झालेले असतात.

ब्रेस्टचा एक भाग जाड आणि एक टोक पातळ असतं. जाड भागावर लाटण्यानं दोन-चार ठोके देऊन सगळीकडे साधारण २ सेंटिमीटर जाडी करा. मग ८ ग्रॅम मीठ (साधारण सपाट सव्वा लहान चमचा), १ लहान चमचा साखर आणि अर्धा चमचा मिरपूड सगळीकडून चोळा. हे प्रमाण वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास आहे. वजनकाटा असेल तर चमच्यावर जाऊ नका, कारण बारीक आणि जाड मिठाचा चमचा वेगवेगळा भरतो. झाकून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. खालच्याच, म्हणजे कच्च्या चिकनचं पाणी कशावर गळणार नाही.

सकाळी पुसून मोदकपात्रात वाफवा. पाणी उकळल्यावर १५ मिनिटं मध्यम आचेवर. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात खुपसा, ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं. नसेल तर जाड भाग सुरीनं अर्धा चिरून बघा. मांस आत काचेसारखं पारदर्शक दिसत असेल तर आणखी चार मिनिटं. आधी वाफवून घेण्याचं कारण असं की नुसत्या धुरावर चिकन शिजवायला बसलं तर ते शिजेपर्यंत गूळ जळून कोळसा होतो आणि चिकन कडू होतं. शिजवणं आणि धुरी देणं ही कामं वेगळी केली की नवख्या हातालाही जमतं.

आता घाईत राहून जाणारी पायरी. वाफवलेलं चिकन जाळीवर ठेवून पंख्याखाली २०-३० मिनिटं सुकू द्या. बोट लावलं तर ओलं लागू नये, किंचित चिकट लागावं. ओल्या पृष्ठभागावर धूर बसला की त्याचे काळपट ओघळ होतात आणि चव आंबूस-कडवट येते. कोरड्यावर तो पातळ, एकसारखा बसतो.

कढई लोखंडाची, जाड बुडाची आणि शक्यतो जुनी. नॉनस्टिक अजिबात नको, रिकामी तापली की तिचा थर खराब होतो आणि त्याचा धूर कोणाच्याच कामाचा नाही. कढईला आतून अॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर द्या, कारण जळलेला गूळ एकदा लोखंडाला बसला की दगडानं घासावा लागतो. फॉइलवर ३ मोठे चमचे कच्चे तांदूळ, २ मोठे चमचे चहापावडर आणि २ मोठे चमचे चिरलेला गूळ पसरा. ही पद्धत चिनी स्वयंपाकातली आहे, तिकडे चहाच्या धुरावर बदक करतात. गूळ आणि तांदूळ करपून धूर देतात, वास चहाचा येतो. वर बुटकं स्टँड आणि त्यावर मोदकपात्राची चाळणी, साहित्यापासून चार-पाच सेंटिमीटर उंच.

मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत धुराची पहिली रेघ दिसेल. ती दिसल्यावरच चिकन ठेवा, झाकण घाला आणि कडेनं कणकेची जाड वळी दाबून बसवा, बिर्याणीच्या दमाला बसवतात तशी. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. आच मध्यमपेक्षा कमी करून १० मिनिटं, मग गॅस बंद करून न उघडता आणखी १० मिनिटं. धूर पांढरट-निळसर आणि पातळ असेल तर ठीक. कडेनं दाट पिवळा धूर येऊ लागला तर गूळ जळतो आहे, लगेच गॅस बंद करा. चिकनचा रंग दुधाशिवायच्या चहासारखा तांबूस यायला हवा. काळपट झालं तर वेळ जास्त झाली.

उघडल्या उघडल्या एक तुकडा तोंडात टाकाल तर राखेसारखा उग्र लागेल. म्हणून ते फेकायचं नाही आणि वर लिंबूही पिळायचं नाही. गार करून, झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. धुराचा उग्रपणा बसतो आणि चव आत उतरते. थोडक्यात, रविवारच्या जेवणासाठी शुक्रवारी रात्री मीठ चोळायचं आणि शनिवारी धुरी द्यायची. फॉइलवरचा कोळसा आतून बराच वेळ गरम असतो. त्यावर पाणी ओतून मगच कचऱ्यात टाका.

परदेशात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा खटाटोप घरात करू नये. स्मोक अलार्म आधी वाजेल आणि शेजाऱ्यांची ओळख नंतर होईल. बाहेर ग्रिल असेल तर तिथे करा, नाहीतर तिकडच्या दुकानांमध्ये स्मोक्ड चिकन आणि टर्की सहज मिळते.

निखारा आणि तुपाचा धुंगार चालतो का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतो, पण तो धूर तुपाचा असतो. त्यानं चिकनला कबाबाचा वास येतो, आणि लेट्यूस-चीजबरोबर तो वास परका वाटतो. तोच पर्याय असेल तर वाटीत लाल निखारा ठेवून वर अर्धा चमचा तेल सोडा आणि तीन मिनिटांत वाटी बाहेर काढा. जळणासाठी प्लायवूड, रंगवलेलं लाकूड किंवा पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या कधीही वापरू नका. त्यातल्या डिंकाचा, राळेचा आणि रंगाचा धूर विषारी असतो.

पानं

आइसबर्ग कुरकुरीत पण चवीला पाणचट. रोमेन (लांब पानांचं) चवीला बरं आणि ड्रेसिंग तोलून धरणारं. मऊ, कुरळ्या पानांचं लेट्यूस दिसायला सुंदर, पण चिकन आणि चीजच्या वजनाखाली पाच मिनिटांत मान टाकतं. निम्मं आइसबर्ग आणि निम्मं रोमेन हे मिश्रण सर्वांत भरवशाचं. मुंबई-पुण्याबाहेर लेट्यूस मिळेलच असं नाही. तिथे कोवळ्या कोबीची आतली पानं अगदी बारीक चिरून घ्या. पालकाची कोवळी पानंही चालतील, मेथी मात्र नको, तिचा कडवटपणा धुराच्या कडवटपणात भर घालतो.

पानं सुटी करून आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे बारीक किडे आणि अळ्या वर येतात. मग नळाखाली एकेक पान चोळून धुवा. शेवटचं पाणी पिण्याचंच हवं, कारण हे पान आता शिजणार नाही. त्याच पिण्याच्या पाण्यात बर्फ टाकून पानं दहा मिनिटं बुडवून ठेवली तर सुकलेलीसुद्धा ताठ होतात. पेशींमध्ये पाणी परत शिरतं, एवढंच त्यातलं गुपित आहे.

आणि मग वाळवायची, इतकी की हाताला पाणी लागू नये. तेल ओल्या पानाला धरत नाही, घसरून तळाशी जातं. वर पानं अळणी आणि खाली लिंबू-तेलाचं डबकं, ही तक्रार असेल तर दोष ड्रेसिंगचा नसतो, ओल्या पानांचा असतो. सॅलड स्पिनर नसला तर धुतलेल्या सुती पंचात पानं ठेवा, चारही टोकं एकत्र धरा आणि गच्चीत किंवा न्हाणीघरात हात लांब करून पंधरा-वीस वेळा गरगर फिरवा. भिंतीवर उडालेलं पाणी बघितलं की पानांवर किती होतं ते कळतं. पंचा उघडून पानं हलवा आणि आणखी एकदा फिरवा.

ही कोरडी पानं कागदी रुमालासह डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतात. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकलेली केळी नकोत. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं लेट्यूसवर तपकिरी ठिपके पडतात.

बाकीच्या भाज्या

काकडी आधी चाखा. कडू लागली तर बाजूला, टोक घासून फेस काढण्यावर भिस्त ठेवू नका. सोलून उभी चिरा, लहान चमच्यानं मधला बियांचा गर खरवडून काढा आणि अर्ध्या सेंटिमीटरचे अर्धचंद्र करा. टोमॅटोचंही तेच, बिया आणि रस काढून फक्त गराच्या फोडी. हा रस फेकू नका, संध्याकाळच्या आमटीत जाईल. चेरी टोमॅटो अर्धे करून चिरलेली बाजू खाली येईल असे फडक्यावर ठेवा. कांदा कागदासारखा पातळ चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या, नाहीतर धुराच्या वासावर कांदाच चढून बसतो. सिमला मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरा काढा. मुळा पातळ चकत्यांचा.

सगळं चिरून झाल्यावर कोरड्या फडक्यावर दहा मिनिटं पसरून ठेवा. फडकं किती भिजलं ते बघा, तेवढं पाणी तुमच्या सॅलडच्या तळाशी गेलं असतं.

डाळिंबाचे दाणे शोभेसाठी नाहीत. धूर, मीठ आणि चीज या तिन्हींना गोड-आंबट काहीतरी लागतं. डाळिंब नसेल तर पेअरच्या किंवा आंबट-गोड सफरचंदाच्या पातळ फोडी, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. बीट घालायचं असेल तर उकडून अगदी शेवटी, वरून, नाहीतर चिकनपासून चीजपर्यंत सगळं गुलाबी होईल.

चीज कोणतं

चेडार किंवा गौडा, कडक आणि फार जुनं नसलेलं, हे पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सर्वांत सोपं. १ सेंटिमीटरचे चौकोन करा. किसून घालू नका, किस ड्रेसिंगमध्ये भिजून पानांना चिकटतो.

घरात नेहमीचे चीज क्यूब असतील तर २५ ग्रॅमचे तीन पुरतात. प्रक्रिया केलेलं हे चीज मऊ आणि चिकट असतं. पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि सुरी पाण्यात बुडवून कापा, म्हणजे चौकोनांच्या कडा नीट राहतात. त्याची चव एकसुरी आहे, पण पोरं हेच आवडीनं खातात हेही खरं.

फेटा मिठवणीतच मुरतं. दहा-पंधरा मिनिटं साध्या पिण्याच्या पाण्यात ठेवून निथळा, मग हातानं मोठे तुकडे करा आणि ते सर्वांत शेवटी वरून टाका, ढवळू नका. खरं ग्रीक फेटा मेंढीच्या दुधाचं असतं, त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के, आणि २००२ पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजसाठी राखीव आहे. आपल्याकडे त्या नावानं गाईच्या दुधाचंही मिळतं. ते चवीला सौम्य असतं, या सॅलडला चालतं.

पाण्यातलं ताजं मोझरेला नको. कितीही निथळलं तरी ते पाणी सोडत राहतं. स्मोक्ड गौडाही नको, चिकन आणि चीज दोन्ही धुरावलेली असली की धूर एवढाच एक सूर ऐकू येतो. हाच नियम बंगालमधल्या बंदेल चीजला. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये मिळणाऱ्या त्या छोट्या खारट चकत्यांचा धुरावलेला प्रकार फार चवदार असतो, पण तो वापरायचा तर रात्रभर पाण्यात भिजवून, आणि चिकन साधं उकडलेलं घेऊन.

पनीर घालता येतं, पण ते अळणी असतं. घातलं तर मिठाचा वर केलेला सगळा हिशेब बदलतो. पनीरच्या तुकड्यांनाच आधी चिमूटभर मीठ आणि मिरपूड चोळून ठेवा.

ड्रेसिंगला फेसलेली मोहरी

विलायती पाककृतींमध्ये इथे डिजॉन मस्टर्ड असतं. त्याची बाटली आणायची गरज नाही, आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतातच. १ लहान चमचा मोहरी खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात कुटा, १ मोठा चमचा गार पाणी घालून घोटा, फेस येऊन ती नाकात गेली पाहिजे. मग दहा मिनिटं झाकून ठेवा.

पाणी गारच हवं, आणि लिंबू नंतरच. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एक एन्झाइम तो बनवतं. गरम पाण्यानं ते एन्झाइम मरतं आणि मोहरी नुसती कडू होते. लिंबू आधी पिळलं तर झणका वाढायचाच थांबतो.

आता जॅमच्या रिकाम्या बाटलीत फेसलेली मोहरी, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, मध आणि मिरी घालून हलवा. मग ३ मोठे चमचे तेल घाला, झाकण घट्ट लावा आणि वीस सेकंद जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि रस एकजीव होऊन पातळ ताकासारखं दाटसर मिश्रण होतं. पुस्तकी प्रमाण एक भाग आंबटाला तीन भाग तेल असं असतं. इथे दोन भागच घेतलं आहे, कारण तेलकटपणा चीजमधूनही येतो.

तेल सूर्यफुलाचं किंवा सौम्य ऑलिव्ह. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास एरवी कितीही चांगला असला तरी इथे तो धुराशी भांडतो.

ड्रेसिंग नुसतं चाखू नका, लेट्यूसचं एक पान त्यात बुडवून चिकनच्या तुकड्याबरोबर खा. तिन्ही मिळून अळणी लागलं तरच चिमूटभर मीठ. घरी धुरी दिलेलं चिकन विकतच्यापेक्षा कमी खारट असतं, तेव्हा बहुधा ती चिमूट लागते.

एकत्र करणं

चिकन गार असतानाच कापा, कोमट चिकनचा चुरा होतो. मांसाच्या रेषा कोणत्या दिशेनं जातात ते बघा आणि त्यांना आडवं, अर्ध्या सेंटिमीटर जाडीचं कापा. रेषांच्या दिशेनं कापलेला तुकडा चावताना दोरीसारखा लागतो. कापलेलं चिकन वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर झाकून ठेवा, फार गार असेल तर धुराचा वास उठतच नाही.

खोल वाडग्यात ढवळलं की जड तुकडे तळाशी जातात आणि वर नुसता पाला राहतो. म्हणून मोठी परात घ्या. आधी पानं परातीत घालून त्यावर निम्मं ड्रेसिंग शिंपडा आणि दोन्ही हातांनी खालून वर अलगद उचला, पाच-सहा वेळा. प्रत्येक पान चमकलं पाहिजे, पण परातीला ड्रेसिंग दिसता कामा नये. मग काकडी, मिरची, कांदा, मुळा आणि उरलेल्यातलं थोडं ड्रेसिंग. टोमॅटो त्यानंतर. ताटात काढल्यावर वर चिकन, चीज, डाळिंब आणि मिरी. सगळं ड्रेसिंग संपलंच पाहिजे असं नाही, बहुधा एक चमचा उरतो.

हे सगळं पाहुणे पानावर बसल्यावर. लेट्यूसच्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यावर लिंबाचं पाणी टिकत नाही पण तेल आत झिरपतं. म्हणून तेल लागलेलं पान पंधरा मिनिटांत काळपट-हिरवं आणि लुळं होतं. आधीची सगळी तयारी सकाळी करता येते, हे शेवटचं तीन मिनिटांचं काम मात्र नाही.

तरीही चुकलंच तर

खारट झालं तर उकडलेला, मीठ न लावलेला बटाटा गार करून त्याच्या फोडी घाला, किंवा काकडी आणि सफरचंद वाढवा. लिंबू वाढवू नका, आंबटानं खारटपणा झाकला जात नाही, कधीकधी तो अधिक टोचतो. पाणी सुटलं तर परात तिरकी करून पाणी ओतून द्या आणि मूठभर भाजलेल्या पावाचे तुकडे मिसळा. चिकनला कडवट धूर बसला असेल तर बाहेरचा पातळ थर सुरीनं तासून काढा, आतलं सहसा ठीक असतं.

डब्यात न्यायचं असेल तर

क्रम उलटा करायचा. उंच बरणीच्या तळाशी ड्रेसिंग, त्यावर सिमला मिरची, काकडी आणि मुळा, मग चिकन, मग चीज, सर्वांत वर पानं. टोमॅटो वेगळे. बरणी उभीच राहिली पाहिजे. लोकलच्या गर्दीत ती आडवी होणार असेल तर ड्रेसिंग वेगळ्या डबीत न्या.

धुरी दिली म्हणून चिकन टिकतं, हा गैरसमज आहे. कढईतला वीस मिनिटांचा धूर चवीपुरता असतो. चिकन घातलेलं सॅलड फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एकच तास. ऑफिसात फ्रीज नसेल तर डब्याबरोबर बर्फाची पिशवी हवी. घरचं स्मोक्ड चिकन फ्रीजमध्ये ४ अंशांच्या खाली तीन दिवस राहतं. विकतचं पाकीट फोडल्यावर त्यावर लिहिलेली मुदत पाळा. गरोदर बायकांसाठी विकतचं गार चिकन आधी वाफा येईपर्यंत गरम करून मग गार करावं, लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. त्यांच्या ताटात मऊ चीज घालायचं तर ते पाश्चराइज्ड दुधाचंच.

मेयॉनीजचा प्रकार

रशियात याच जोडीचं एक घरगुती सॅलड फार चालतं. नापा कोबी (लांबट गड्ड्याचा चिनी कोबी), स्मोक्ड चिकन, कडक चीज, मक्याचे दाणे, वर मेयॉनीज आणि भाजलेल्या पावाचे चौकोन. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत रशियन सॅलड म्हणून मिळणारं गोडसर प्रकरण ते नव्हे. लेट्यूस मिळत नसेल त्या गावात हा प्रकार जास्त सोयीचा, कारण कोबी लुळा पडत नाही. कोबी ३०० ग्रॅम, उकडलेले मक्याचे दाणे १ वाटी, चिकन आणि चीज वरच्याच प्रमाणात. मेयॉनीज ३ मोठे चमचे आणि पाणी काढलेलं दही (चक्का नव्हे, फडक्यात तासभर टांगलेलं) २ मोठे चमचे. नुसत्या मेयॉनीजनं ते जड होतं. मेयॉनीजमध्ये मीठ असतंच, तेव्हा इथेही मिठाचा डबा बंद. पावाचे तुकडे ताटात वाढल्यावरच टाका, आधी टाकले तर दहा मिनिटांत त्यांचा शिरा होतो.